फेब्रुवारीतले जास्तीचे शंभर रुपये

माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमधला फिटर, व्हीजेटीआयमधली प्राध्यापिका आणि किंग्ज सर्कलजवळच्या उडुपी हॉटेलातला कॅशियर यांच्या पगारांत काहीच साम्य नसते, पण पगारपत्रकातली एक ओळ तिघांची सारखी असते. व्यवसाय कर, बोलण्यात ‘पीटी’. दरमहा २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. मार्च उजाडला की कोणीतरी अकाउंट्सवाल्याला विचारतेच, या वेळी शंभर जास्त का कापले? उत्तर साध्या बेरजेत आहे. अकरा महिन्यांचे २,२०० आणि एका महिन्याचे ३०० मिळून २,५०० होतात. भारतीय राज्यघटनेच्या २७६ व्या अनुच्छेदाने एका माणसाकडून वर्षाला यापेक्षा जास्त व्यवसाय कर घ्यायला मनाई केली आहे, म्हणून बेरीज तिथे आणून थांबवायची.

पण हा पैसा जातो कुठे, हे विचारले तर अकाउंट्सवालाही खांदे उडवतो. कोणी रस्ते म्हणते, कोणी मेट्रो. प्रत्यक्षात हा कर १९७५ साली बसवला गेला तो माण, आष्टी, पाथर्डी, जत अशा तालुक्यांत पाझर तलावाच्या भिंतीवर माती टाकणाऱ्या माणसाची मजुरी भागवण्यासाठी. त्या वर्षी महाराष्ट्राने जे केले ते तोवर भारतातल्या दुसऱ्या कोणत्याही राज्याने केलेले नव्हते. शहरातल्या पगारदारावर एक कर बसवला, त्याचा पैसा एका कामापुरता बांधून ठेवला आणि खेड्यातल्या कोणाही प्रौढ माणसाला सांगितले की काम माग, सरकार देईल.

‘रोजगारनिर्मितीचा अर्थसंकल्प’ हे शब्द आपण दर मार्चला ऐकतो. अर्थमंत्री इतके लाख रोजगार म्हणतात, विरोधक जुमला म्हणतात, आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरात ‘काय स्वस्त, काय महाग’चा तक्ता येतो. अशा वेळी दोन प्रश्न विचारले जात नाहीत. पैसा नेमका कोणाच्या खिशातून येणार, आणि काम मिळाले नाही तर ते मागण्याचा अधिकार कोणाला? पहिल्या प्रश्नाला बहुतेक अर्थसंकल्प ‘विकासातून’ असे उत्तर देतात, दुसऱ्याला देतच नाहीत. महाराष्ट्राच्या या योजनेने, म्हणजे रोजगार हमी योजनेने, दोन्हींची उत्तरे कायद्यात लिहिली. म्हणूनच ती समजून घेण्यासारखी आहे, आणि तिची सुरुवात खेड्यातून करण्याऐवजी माटुंग्यातून केली तर जास्त नीट समजते.

माटुंगा ही वस्तीच पगारदारांसाठी उभी राहिली. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ साली बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने दादर-माटुंग्याच्या मोकळ्या जमिनीवर आखीव रस्ते, बागा आणि दोन-तीन मजली इमारतींची वसाहत आखली. वर्कशॉप १९१५ चे. व्हीजेटीआय १९२३ साली भायखळ्याकडून इथे आले, रसायन तंत्रज्ञानाचा विभाग, म्हणजे आजची आयसीटी, १९४३ साली. मद्रासकडून आलेले स्टेनोग्राफर आणि कारकून, कच्छी व्यापारी, मराठी शिक्षक, फाइव्ह गार्डन्सच्या पलीकडे पारशी. दर महिन्याच्या शेवटी ठरलेली रक्कम हातात येणारी माणसे कुठे दाट आहेत, असा शोध कोणी करवसुली अधिकारी घेत असता तर तो इथेच येऊन थांबला असता. स्वतःचा व्यवसाय करणारेही सुटत नाहीत. दवाखान्याच्या डॉक्टरला आणि वकिलाला ‘पीटीईसी’ची नोंदणी करून वर्षाचे २,५०० रुपये एकरकमी भरावे लागतात. माटुंगा मार्केटमधल्या गाळेवाल्याच्या मालमत्ता कराच्या बिलावर तर ‘रोजगार हमी उपकर’ अशी स्वतंत्र ओळच छापलेली असते. तो निवासी घरांना नाही, दुकाने-कचेऱ्यांना लागतो. फुलांच्या दुकानाच्या बिलात दुष्काळी तालुक्यातल्या मातीकामाचा वाटा असावा, हे जरा अजबच; पण आहे ते असे आहे.

याच्या मागे १९७२ चा दुष्काळ आहे. त्याआधीची दोन वर्षेही पाऊस धड नव्हता. १९७२ चा मान्सून मराठवाडा, नगर, सोलापूर, सांगली, पुणे, नाशिक या पट्ट्यात जवळजवळ आलाच नाही. ज्यांनी तो काळ पाहिला त्यांच्या बोलण्यात आजही तीन शब्द येतात : मिलो, सुकडी आणि खडी. मिलो ही परदेशातून आणलेली लाल ज्वारी, रेशनवर मिळणारी. सुकडी हा कामावर वाटला जाणारा पौष्टिक खाऊ. आणि खडी फोडायचे काम. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवर रोज सुमारे ५० लाख माणसे होती. इतक्या माणसांना काम देऊन, रोजच्या रोज हजेरी मांडून, मजुरी वाटणारी यंत्रणा एका राज्य सरकारने काही महिन्यांत उभी केली. मोठ्या प्रमाणावर भूकबळी टळले, आणि त्याचे श्रेय जगभरच्या दुष्काळ-अभ्यासकांनी या कामांना दिले आहे. मुख्यमंत्री वसंतराव नाईक होते.

या यंत्रणेमागचा विचार मात्र दुष्काळाच्या आधीचा होता. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे हे सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्याचे. साठीच्या दशकात त्यांनी विसापूरच्या परिसरात एक प्रयोग करून पाहिला. शेतीतले काम वर्षातले काही महिनेच असते, उरलेल्या महिन्यांत माणूस रिकामा, आणि त्याच गावात बांध घालायचे, विहिरी खोदायच्या, रस्ते करायचे काम पडून. रिकामे हात आणि पडून राहिलेले काम यांची गाठ घालायला सरकारने मजुरीपुरता पैसा पुरवायचा, एवढीच कल्पना. पागे हे अर्थशास्त्राचे प्राध्यापक नव्हते. पुण्यात गोखले संस्थेत वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी भारतातल्या दारिद्र्यावरचा त्यांचा गाजलेला अभ्यास १९७१ साली मांडला. ग्रामीण सार्वजनिक कामे काढून प्रत्येकाला किमान मजुरी मिळवून द्यावी, असा त्यांचाही निष्कर्ष होता. खेड्यातला राजकारणी आणि शहरातले अर्थशास्त्रज्ञ वेगवेगळ्या वाटांनी एकाच ठिकाणी पोचले होते.

१९३० च्या दशकातल्या महामंदीत अमेरिकेनेही हेच केले होते. रूझवेल्ट यांच्या वर्क्स प्रोग्रेस अॅडमिनिस्ट्रेशनने १९३५ ते १९४३ या काळात सुमारे ८५ लाख लोकांना काम दिले. रस्ते, पूल, शाळा बांधल्या, अगदी चित्रकारांना भिंती रंगवायला आणि नटांना नाटके करायला पगार दिला. पण तिथे कोणालाही काम मागण्याचा हक्क नव्हता. सरकारकडे पैसे असतील तितकी माणसे घ्यायची, युद्ध आले की योजना बंद. महाराष्ट्राने ‘मागेल त्याला काम’ असे म्हटले तेव्हा तो रूझवेल्टच्याही एक पाऊल पुढे गेला होता, असे म्हणायला मला संकोच वाटत नाही.

मागेल त्याला काम द्यायचे म्हणजे अर्थसंकल्प लिहिणाऱ्याची झोप उडते. नेहमीच्या अर्थसंकल्पात खर्चाचा आकडा आधी ठरतो आणि काम त्याच्या आत बसवायचे असते. इथे किती माणसे काम मागतील हे पावसावर अवलंबून; आकडा माणसे ठरवणार, सचिवालय नाही. पाऊस चांगला झाला तर निम्मा पैसा पडून राहील, दुष्काळ पडला तर दुप्पट लागेल. साध्या तरतुदीवर ही योजना ठेवली असती तर वित्त विभागाने पहिल्याच तंगीच्या वर्षी तिच्यावर कात्री चालवली असती. सगळ्याच अर्थसंकल्पांत हे होते. म्हणून तर अर्थसंकल्पाच्या पुस्तकात तीन रकाने असतात : अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च. भाषणात पहिला रकाना वाचतात. खरे काय झाले ते तिसऱ्यात असते, आणि तो छापला जाईपर्यंत त्या वर्षाची कोणाला आठवण राहिलेली नसते.

यावर उपाय म्हणून रोजगार हमी निधी आला. व्यवसाय कर, मोटार वाहन करावरची वाढ, विक्रीकरावरचा अधिभार, बागायती जमिनीवरची विशेष आकारणी, जमीन महसुलातली वाढ आणि शहरांतल्या बिगरनिवासी मालमत्तांवरचा उपकर, या सगळ्यांचे उत्पन्न या निधीसाठी ठेवायचे. त्यात राज्य सरकारने तितकीच भर आपल्या तिजोरीतून घालायची. म्हणजे माटुंग्यातून शंभर रुपये गेले की निधीत दोनशे पडायचे. वर्ष कोरडे असो वा ओले, वाहता ओघ चालू. निधीतला पैसा दुसरीकडे वळवायचा तर विधिमंडळासमोर उघडपणे करावे लागणार. दोन्ही सभागृहांच्या आमदारांची रोजगार हमी योजना समिती जिल्ह्याजिल्ह्यांत फिरून कामे तपासू लागली.

व्यवसाय कर १ एप्रिल १९७५ पासून लागू झाला, शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री असताना. तेव्हा घटनेतली मर्यादा वर्षाला २५० रुपये होती. १९८८ साली साठाव्या घटनादुरुस्तीने ती २,५०० केली आणि तेव्हापासून ती तिथेच आहे. चौदाव्या वित्त आयोगाने ती १२,००० करावी असे सुचवले, पंधराव्याने त्याहून वर. दोन्ही शिफारशी कागदावर राहिल्या. राज्याला ती स्वतःहून वाढवता येत नाही, त्यासाठी संसदेत घटनादुरुस्ती लागते. १९८८ साली २,५०० रुपयांत जे काय होत होते ते आज होत नाही, हे माटुंग्यातल्या कोणत्याही खानावळीत जेवणाऱ्याला सांगायला नको.

शहराने हे मान्य का केले? कारण व्यवसाय कराचा मोठा वाटा मुंबईतून येणार हे उघड होते आणि मुंबईकराला त्यातून थेट काहीच मिळणार नव्हते. सरळ उत्तर असे, की विधानसभेत ग्रामीण आमदारांचे बहुमत होते आणि शहरी पगारदाराला कोणी फार विचारले नाही. दुसरे उत्तर जरा खोलातले आहे. १९७२-७३ मध्ये दुष्काळी भागातून माणसे मुंबईच्या फुटपाथवर उतरली होती. ज्वारी, तेल, साखर यांच्या भावांनी गिरगाव-दादरच्या घरांतली चूल हैराण झाली होती. मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या होत्या. गावाकडची उपासमार शहराच्या दारात येते, हे त्या दोन वर्षांत सगळ्यांनी पाहिले. गावातच काम मिळाले तर लोंढे थांबतील, हा शहरी मध्यमवर्गाचा स्वार्थ होता. आणि लालबाग-परळच्या गिरणी कामगाराचे अर्धे कुटुंब साताऱ्यात नाहीतर रत्नागिरीत होते. त्याला हा कर परका वाटण्याचे कारण नव्हते. रोनाल्ड हेरिंग आणि रेक्स एडवर्ड्स या अमेरिकन अभ्यासकांनी १९८३ साली आणखी एक बोट दाखवले : तलाव आणि बांध शेवटी कोणाच्या जमिनीचे भले करतात? ज्याच्याकडे जमीन आहे त्याच्या. मजुराला मजुरी, शेतकऱ्याला पाणी, शहराला शांतता. सर्वांना काही ना काही मिळाले म्हणून योजना टिकली, हे मला तरी तिच्या विरोधातले कारण वाटत नाही.

योजना कागदावर १ मे १९७२ ला आली, दुष्काळी कामांत विरघळली आणि दुष्काळ ओसरल्यावर पुन्हा स्वतंत्रपणे सुरू झाली. कायदा १९७७ चा. तो २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. त्याची चौकट अशी. ग्रामीण भागातल्या अठरा वर्षांवरच्या कोणीही नाव नोंदवायचे, अर्ज करून काम मागायचे, आणि पंधरा दिवसांत शक्यतो त्याच पंचायत समितीच्या हद्दीत काम मिळाले पाहिजे. नाही मिळाले तर बेकारी भत्ता, किमान रोज एक रुपया. रुपयाची रक्कम हास्यास्पद होती, पण तो द्यावा लागला की कोणत्या अधिकाऱ्यामुळे लागला हे विचारले जाई. त्या रुपयाची खरी किंमत ती होती. खर्चातला किमान ६० टक्के भाग अकुशल मजुरीवर पडला पाहिजे, म्हणजे कंत्राटदार आणि यंत्रे शिरायला जागा कमी. मजुरी कामाच्या मापावर, बाई आणि पुरुष यांना एकच दर. कामावर पिण्याचे पाणी, सावली आणि लहान मुलांसाठी पाळणाघर. गावचा सावकार किंवा बडा शेतकरी ज्या दराने राबवून घेत होता त्याला नाही म्हणण्याची सोय बायकांना या कामामुळे झाली. कामावर त्यांची गर्दी नेहमीच मोठी राहिली.

१९७९-८० च्या सुमाराला वर्षाला सुमारे २० कोटी मनुष्यदिवस काम होत होते. सगळे नीट होते असे नाही. हजेरीपटावर मेलेल्यांची नावे, एकाच तलावाची दोनदा मापे, मुकादमाचा अंगठा आणि मजुराची सही यांचा गोंधळ. उन्हाळ्यात अर्धवट झालेला रस्ता पावसात वाहून गेला की पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तोच रस्ता. यावर त्या काळात विनोद इतके झाले की रोजगार हमी म्हणजे खड्डे खणणे आणि बुजवणे, असे शहरात अनेकांचे पक्के मत झाले. मराठवाड्यातल्या विहिरींचे आणि पाझर तलावांचे पाणी या विनोदांत कुठे दिसत नाही.

हमीची खरी कसोटी १९८८ साली लागली. किमान वेतनाबरोबर योजनेची मजुरीही जवळजवळ दुप्पट झाली. मजुराच्या दृष्टीने हे बरोबरच होते. पण पुढच्या महिन्यांत कामावरची उपस्थिती झपाट्याने घसरली. मजुरी वाढली की काम मागणारे वाढायला हवेत, इथे उलटे झाले. मार्टिन रॅव्हॅलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधुरी या अर्थशास्त्रज्ञांनी आकडे तपासून काढलेला अर्थ असा, की सरकारने नवी कामे काढण्याचा हात आखडता घेतला. कायद्यात हमी होती तशीच राहिली, फक्त काम मागायला गेले की तहसील कचेरीत ‘सध्या काम नाही’ ऐकू येऊ लागले. दर माणशी खर्च वाढला की माणसे कमी करायची, ही वित्त विभागाची जुनी सवय निधीच्या भिंतीलाही भेदून आत आली होती. पुढे पुढे तर या करांचे उत्पन्न योजनेवरच्या खर्चापेक्षा जास्त होऊ लागले आणि शिलकीचा पैसा राज्याच्या इतर गरजांच्या कामी येऊ लागला.

गिरणगावची गोष्ट इथेच सांगायला हवी. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. संप अधिकृतपणे मागे घेतला गेलाच नाही. तो नुसता संपला, आणि त्याबरोबर गिरण्याही. त्या कामगारांच्या पगारातूनही पीटी कापला जात होता. रोजगाराची हमी देणाऱ्या निधीत त्यांचे पैसे होते. पण कायद्याने हमी दिली होती ती ग्रामीण भागाला आणि ‘क’ वर्ग नगरपालिकांना. परळच्या चाळीत राहणाऱ्या विणकराला काम मागायचे तर त्याने मुंबई सोडून गावी जायचे, तिथे नाव नोंदवायचे आणि लूम चालवलेल्या हातांनी मातीची पाटी उचलायची. कित्येक जण गावी गेलेही, हमीसाठी नाही, मुंबईत भाडे आणि वाणी परवडत नव्हता म्हणून. शहर हे रोजगार देणारे ठिकाण आहे, त्याला हमी कशाला, असे १९७५ साली धरून चालले होते. सात वर्षांत ते गृहीतक कोसळले, पण कायदा बदलण्याचे कोणाच्या मनात आले नाही.

गिरणी कामगारांच्या कोकणातल्या गावांना पुढे एका वेगळ्या वाटेने या पैशाचा लाभ मिळाला. १९९० पासून रोजगार हमीशी निगडित फळबाग लागवड योजना सुरू झाली. शेतकऱ्याने स्वतःच्या जमिनीवर खड्डे घ्यायचे, कलमे लावायची, त्या मजुरीचा आणि रोपांचा खर्च सरकारने सोसायचा. कोकणात आंबा आणि काजू, सोलापूर-नाशिककडे डाळिंब, इतरत्र बोर, सीताफळ, चिकू. सार्वजनिक पैसा खासगी जमिनीवर खर्च करावा का, हा वाद तेव्हा झाला आणि तो निरर्थक नव्हता. भूमिहीनाच्या वाट्याला फक्त खड्ड्याची मजुरी आली. तरी महाराष्ट्र आज फळांचे राज्य म्हणून ओळखला जातो त्यात या योजनेचा वाटा मोठा आहे. एप्रिलमध्ये दादरच्या बाजारात हापूसच्या पेट्यांवर घासाघीस करणाऱ्या पगारदाराने त्यातल्या काही कलमांना दहा-वीस वर्षांपूर्वी आपणच पाणी घातले, असे म्हटले तर ते अगदीच खोटे ठरणार नाही.

२००५ साली संसदेने राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा केला. महाराष्ट्राचा नमुना डोळ्यांसमोर ठेवूनच तो झाला. आता वर्षाला घरटी १०० दिवसांच्या अकुशल मजुरीचा खर्च केंद्राने उचलला, त्यापुढचे दिवस महाराष्ट्र आपल्या निधीतून देऊ लागला. देशातल्या सगळ्या राज्यांना जे मिळाले त्याचा मूळ खर्च तीस वर्षे मुंबईच्या पगारपत्रकांनी भागवला होता, ही गोष्ट दिल्लीच्या चर्चांत फारशी आली नाही.

या यंत्रणेचे महत्त्व २०२० मध्ये पुन्हा दिसले. टाळेबंदीत मुंबईतून माणसे गावाकडे निघाली आणि तिथे पोचल्यावर त्यांनी ‘नमुना ४’ भरून काम मागितले. केंद्राने त्या वर्षासाठी ६१,५०० कोटी रुपये ठेवले होते. सुधारित अंदाजात ते १,११,५०० कोटी झाले. नवी योजना आखावी लागली नाही, नवे अधिकारी नेमावे लागले नाहीत. हजेरीपट, तहसीलदार, कामांची यादी, मजुरीचा दर, सगळे जागेवर होते. फक्त पैसे सोडायचे होते. मंदीतून सावरण्याच्या अर्थसंकल्पाला सर्वांत जास्त अडचण कशाची येते तर वेळेची. पूल मंजूर व्हायला दोन वर्षे लागतात, तोवर मंदी निघून गेलेली असते. मजुराच्या हातात आठवड्याने पडलेला पैसा मात्र त्याच आठवडी बाजारात खर्च होतो, तिथून दुकानदाराकडे, दुकानदाराकडून घाऊक व्यापाऱ्याकडे. मसजिद बंदरचा व्यापारी हे अर्थशास्त्रज्ञांइतकेच चांगले सांगेल.

अलीकडचे रोजगारविषयक अर्थसंकल्प वेगळ्या वाटेने जातात. जुलै २०२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पाच वर्षांत ४.१ कोटी तरुणांसाठी २ लाख कोटींचे पॅकेज जाहीर झाले. त्यातून पुढे १ ऑगस्ट २०२५ पासून प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजना सुरू झाली : ९९,४४६ कोटी रुपये, पहिल्यांदा नोकरीला लागणाऱ्याला १५,००० रुपयांपर्यंत आणि नव्या माणसाला कामावर घेणाऱ्या मालकाला महिन्याला ३,००० रुपयांपर्यंत. महाराष्ट्राने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावी, आयटीआय-पदविका आणि पदवी यांप्रमाणे महिना ६,०००, ८,००० आणि १०,००० रुपये विद्यावेतन. दोन्हींत मालकाने माणूस घ्यायचे ठरवले तरच पैसा हलतो. बेकार माणसाला दार ठोठावून ‘माझे काम कुठे आहे’ असे विचारता येईल अशी तरतूद त्यात नाही. अशा योजना वाईट असतात असे मी म्हणत नाही. पण मंदीत मालक माणसे घेत नाहीत, आणि नेमकी तेव्हाच ती तरतूद न खर्चता परत जाते.

ग्रामीण हमीचेही रूप बदलते आहे. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने जुन्या कायद्याच्या जागी नवा कायदा केला. दिवस १०० चे १२५ झाले, पण बहुतेक राज्यांना खर्चाचा ४० टक्के वाटा उचलावा लागणार, आणि शेतीच्या हंगामात काही काळ कामे थांबवता येणार. म्हणजे राज्याच्या तिजोरीचा प्रश्न १९७५ प्रमाणे पुन्हा समोर आला. बाकी राज्ये हा पैसा आणायचा कुठून म्हणून धावपळ करतील. महाराष्ट्राकडे निदान त्यासाठी राखलेला कर पन्नास वर्षांपासून आहे. तो त्याच कामाला पुरा लावायचा की नाही, एवढेच ठरवायचे आहे. दरम्यान २०२३ च्या राज्य अर्थसंकल्पात महिना २५,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना या करातून सूट मिळाली. चांगला निर्णय, पण त्या चर्चेतही हा कर कशासाठी आहे याचा उल्लेख कोणी केल्याचे माझ्या वाचनात आले नाही.

राहता राहिले शहर. केरळने २०१० मध्ये अय्यनकाली योजनेने शहरांत १०० दिवसांची हमी सुरू केली. राजस्थानने सप्टेंबर २०२२ मध्ये. अर्थशास्त्रज्ञ ज्याँ द्रेझ यांनी २०२० मध्ये सुचवले की शाळा, दवाखाने, महाविद्यालये, पालिका अशा सार्वजनिक संस्थांना सरकारने रोजगाराची कूपने द्यावीत आणि मजुरी थेट सरकारने भरावी. माटुंग्यापुरता विचार केला तर करण्यासारखे काम कमी नाही : पदपथ, शाळांची रंगरंगोटी, रुग्णालयातली मदत, बागांची निगा, ग्रंथालयांतल्या जुन्या पुस्तकांची नोंद. अडचण मापाची आहे. खेड्यातली हमी घनमीटरवर उभी राहिली. किती माती टाकली ते टेप लावून मोजता येते. रुग्णाशेजारी बसण्याचे माप कोणत्या टेपने घेणार? शिवाय व्हीजेटीआयमधून पदवी घेऊन बाहेर पडलेल्या मुलाला ज्या कामाची हमी हवी असते ती अकुशल मजुरीची नसते, आणि गोवंडीहून येणाऱ्या नाक्यावरच्या मजुराला तीच हवी असते. एकाच योजनेत दोघे कसे बसवायचे, हे पागे यांच्या काळात सोडवावे लागले नव्हते. खेड्यात निदान अर्ज कोणाकडे द्यायचा हे ठरलेले आहे : ग्रामपंचायत, नाहीतर तहसीलदार. मुंबईत तो वॉर्ड ऑफिसने घ्यायचा, जिल्हाधिकाऱ्याने की कौशल्य विकास विभागाने, यावर चर्चासुद्धा सुरू झालेली नाही.